कुकाच्या नावाचं हरीण

माझा भाऊ निकानोर बोहॉर्केस हा सान इलारियोतला नामांकित शिकारी. निदान त्याचं स्वतःचं मत तरी असंच होतं, आणि ते खोडून काढायला कोणाला सवड नव्हती. हमरस्त्याला पेट्रोल पंपाशेजारी त्याचं टायरचं दुकान आहे. पंक्चर काढायला जेवढा वेळ लागतो त्याच्या तिप्पट वेळ त्याच्या गोष्टीला लागतो. गिऱ्हाईक बिचारं काय करणार? चाक निघालेलं, गाडी जॅकवर, बाहेर ऊन रणरणतंय. ऐकतं.

गोष्ट एकच. लग्नाच्या आदल्या वर्षी त्याने एक हरीण मारलं होतं, त्याची शिंगं घरात फ्रिजच्या वर टांगलेली आहेत. दरवर्षी गोष्टीतली ती शिंगं थोडी लांब होत, घळ थोडी खोल होई आणि हरीण थोडं दूर जाई. अलीकडे तर ते इतक्या लांब गेलं होतं की ते बहुधा सरहद्दीपलीकडे मेक्सिकोतच उभं असावं, असं ताचो म्हणायचा. ताचो म्हणजे निकानोरच्या मुलीचा धर्मपिता, त्यामुळे दोघं एकमेकांना कोंपाद्रे म्हणतात आणि सख्ख्या भावांसारखे भांडतात.

निकानोरची बायको रेफूखियो. तिला सगळे कुका म्हणतात. ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. ठेंगणी, रुंद, चालताना जमिनीला बजावून सांगितल्यासारखी पावलं टाकणारी. बोलायची कमी. घरात बोलायला निकानोर असल्यावर तिच्या वाट्याला शब्द उरायचेच कितीसे?

आमच्याकडे हरणाच्या शिकारीचा परवाना सोडतीने मिळतो. नाव घालायचं आणि वाट बघायची. निकानोर दरवर्षी नाव घालायचा, दरवर्षी त्याचं नाव लागायचं नाही, आणि मग महिनाभर तो सोडत काढणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत टायर बदलायचा. एका वर्षी ताचोच्या डोक्यातून कल्पना निघाली.

"कुकाचंही नाव घाल ना, कोंपाद्रे. एका घरातून दोन नावं. कोणाचंही लागलं तरी घरातच लागलं."

निकानोरला ते एकदम पटलं. तो घरी आला तेव्हा कुका कोपरापर्यंत पिठात हात घालून तोर्तिया थापत होती. मी तिथेच बसले होते, तिच्या हातची कॉफी पीत.

"तुझं नाव घालतोय सोडतीत," निकानोर म्हणाला.

"घाल," कुका म्हणाली. "पण लागलं तर मी जाणार."

"जा की! जा!" निकानोर खदखदून हसला. "बंदूक नको, लाटणंच घेऊन जा."

कुका हसली नाही. तिने तोर्तिया तव्यावर टाकली आणि उलटली.

निकाल आला तेव्हा निकानोरचं नाव नेहमीप्रमाणे नव्हतं. कुकाचं होतं. निकानोरने दोनदा वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं, मग अंगणात जाऊन कुत्र्याला उगाचच रागावून आला.

"ठीक आहे," आत येऊन तो म्हणाला. "परवाना तुझा, शिकार माझी."

"शिकार खात्याच्या माणसाला हे सांगशील का?" कुकाने विचारलं. दुसऱ्याच्या परवान्यावर बंदूक चालवली तर बंदूकही जाते आणि पिकअपही, हे गावात सगळ्यांना माहीत आहे.

"तूच म्हणालास ना, 'जा'," कुका म्हणाली. "मी जाते."

मग निकानोरने स्वतःची गुरुपदी नेमणूक करून घेतली. घरामागच्या कोरड्या ओढ्यात दगडांवर रिकामे डबे मांडले. त्याची स्वतःची रायफल कुकाच्या खांद्याला मोठी पडत होती, म्हणून ताचोकडून हलकी आणली. पहिली गोळी झाडली आणि कुका धपकन मागे वाळूत बसली. डबे जागच्या जागी. ती उठली, स्कर्ट झटकला, रायफलकडे बघून म्हणाली, "ही अगदी तुझ्या आईसारखी आहे. ढकलते आधी, ओरडते नंतर."

निकानोरची आणि माझी आई एकच असल्यामुळे मी हसायला नको होतं. पण मी हसले.

पुढे रोज संध्याकाळी शिकवणी. "श्वास घे. रोख. सोड. आत्ता नाही! डोळा मीट. तो नाही, दुसरा. खांदा सैल. एवढा नाही. बोट हळू. हळू म्हणजे झोपू नकोस!"

"निकानोर," कुका एकदा म्हणाली, "तू गप्प बसलास तर माझा डोळा कोणता ते मला कळेल."

एका संध्याकाळी तिने त्याला आणखी डबे आणायला घरी पिटाळलं. तो परत येईपर्यंत दगडांवरचे सगळे डबे वाळूत पडलेले. निकानोरने डब्यांकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं.

"वारा आला वाटतं."

"हो," कुका म्हणाली. "मोठा वारा होता."

डिसेंबरात मोसम सुरू झाला. पिकअप माझी घेतली, कारण निकानोरच्या पिकअपचे टायर साफ गुळगुळीत झालेले. गावभराची चाकं बदलणाऱ्याला स्वतःची बदलायला कधी वेळ झाला नाही. गाडी माझी म्हणून मीही निघाले. माझं केस कापण्याचं दुकान आहे, ते मी दोन दिवस बंद ठेवलं. अशी जत्रा चुकवायची नव्हती मला.

उजाडता उजाडता आम्ही डोंगराच्या पायथ्याशी होतो. थंडी अशी की दाराची कडी हाताला चिकटावी. निकानोर गाडीतून उतरला आणि अत्तराचा भपकारा आला.

"हरणाला मारायला चाललास की नाचायला न्यायला?" कुकाने विचारलं.

"दाढी केली की लावतो मी. सवय आहे."

"मग आज दाढी कशाला केलीस?"

"शिकारीला माणसाने नीटनेटकं जावं," निकानोर म्हणाला.

आम्ही वर चढलो, डोंगराच्या एका धारेवर बसलो आणि समोरच्या उतारावर नजर लावली. आमच्याकडची हरणं लहानखुरी, करडी. खडकात उभी राहिली की खडक, गवतात बसली की गवत. त्यांना शोधायचं म्हणजे एका जागी बसून दुर्बिणीतून बघत राहायचं. बसणं हा सगळ्यात मोठा भाग. आणि माझ्या भावाला देवाने सगळं दिलं, फक्त बसणं दिलं नाही. तो बसला, उठला, शिंकला, हात लांब करून दिशा दाखवू लागला. त्याची कुजबुज घळीच्या पलीकडे आपटून आमच्याकडे परत येत होती.

"कुका, तिकडे बघ. नाही, तिकडे. त्या वर्षी मी असाच बसलो होतो, आणि एकदम..."

आणि एकदम तो चोयावर बसला. चोया म्हणजे असला निवडुंग की तुम्ही नुसतं जवळून गेलात तरी त्याचा काटेरी गोळा उडी मारून तुम्हाला बिलगतो. निकानोर तर पूर्ण वजनानिशी त्याच्यावर टेकला होता. तो असा ओरडला की मी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडून एक साधा, विनाअलंकार आवाज ऐकला.

चोया काढायला फणीसारखी दुसरी चीज नाही. काट्यांच्या खाली फणी घालायची आणि झटक्यात उडवायचा. फणी माझ्या खिशात नेहमीच असते. निकानोरला एका खडकावर पालथा घातला आणि मी कामाला लागले.

"हळू, आम्पारो! हळू! गिऱ्हाइकांशीही अशीच वागतेस का?"

"गिऱ्हाइकं डोकं पुढे करतात," मी म्हटलं.

"ती बघा, चालली," कुका शांतपणे म्हणाली. समोरच्या उतारावरून पांढऱ्या शेपट्या उंचावत हरणांचा छोटा घोळका उड्या मारत धारेपलीकडे गेला. कुकाने पाहिला, मी पाहिला. निकानोरला दिसला नाही, कारण त्याचं नाक खडकाला लागलेलं होतं.

"किती मोठी शिंगं होती?" त्याने खडकालाच विचारलं.

दुसऱ्या दिवशी पिकअप थांबली तशी कुका रायफल खांद्याला लावत म्हणाली, "निकानोर, तू इथे थांब."

"इथे? कशासाठी?"

"जेवण सांभाळायला."

"जेवणाला काय पाय फुटणार आहेत?"

"आम्ही येईपर्यंत कॉफी करून ठेव. आणि मला आज शांतता हवी आहे."

तिने हे इतक्या सहज म्हटलं की भांडायला जागाच राहिली नाही. निकानोर पिकअपच्या मागच्या फळीवर अगदी कडेला, एका बाजूवर भार देऊन बसला, आणि आम्ही वर निघालो. वळून पाहिलं तर त्याने टोपी डोळ्यांवर ओढली होती. मला थोडं वाईट वाटलं. कुकाला वाटलं असेल तर तिने दाखवलं नाही.

वर जाऊन ती पाय पसरून बसली, काठीवर दुर्बीण टेकवली आणि उतार निवडायला लागली. निवडायला हाच शब्द बरोबर आहे. शाळेच्या स्वयंपाकघरात रोज सकाळी परातभर राजमा ती अशीच निवडायची, बोटाने एकेक रांग पुढे सरकवत, त्यातला खडा टिपत. आता बोटाऐवजी नजर होती. एक पट्टा संपला की खालचा पट्टा. मी थोड्या वेळाने दगड बघितले, मुंगी बघितली, माझी नखं बघितली.

"कुका," मी हळूच विचारलं, "खरं सांग, तू का आलीस? नाही म्हणाली असतीस तरी चाललं असतं."

तिने दुर्बीण काढली नाही. "लग्न झाल्यापासून हरणाचं मांस कापतेय मी. निकानोरला कधी मिळालं नाही, पण ताचो आणतो, तुझे चुलते आणायचे. आणून टेबलावर टाकायचे आणि बियर प्यायला बसायचे. कापायचं, वाळवायचं, मक्याच्या पिठात भरून नाताळाचे तामालेस उकडायचे, ते माझ्याकडे. कुठून येतं ते बघावंसं वाटलं. बरीच वर्षं वाटत होतं."

"मग बोलली नाहीस कधी?"

"विचारलं कोणी?" ती म्हणाली, आणि लगेच, त्याच आवाजात, "तो बघ. त्या ओकच्या खाली."

मी दुर्बिणीतून बघितलं. "खडक आहे."

"खडकाला कान नसतात."

मी बघत राहिले. खडक खडकच होता. मग त्याचा एक कोपरा हलला, माशी उडवल्यासारखा. त्याच्यावर शिंगाचं टोक. सावलीत एक नर आरामात रवंथ करत बसला होता आणि त्याचं सगळं अंग एका दगडाआड होतं.

"मार ना!"

"काय मारू? कान?"

तिने रायफल पिशवीवर टेकवली आणि वाट बघू लागली. ऊन सरकलं, ओकची सावली सरकली, हरीण सरकलं नाही. माझा पाय झोपला. कुकाच्या गालावर एक माशी चालत गेली आणि कंटाळून उडून गेली. मला वाटलं, आता ही दोघं अशीच म्हातारी होणार.

आणि खालून किंकाळी आली.

"कुकाऽऽऽ! अगं म्हातारे! धाव!"

झालं होतं ते असं. निकानोरने दुःखात जेवणाची पुरचुंडी सोडली होती. सुक्या मांसाच्या तोर्तियांचा वास ओढ्यातून गेला आणि हावेलीनांचा आख्खा कळप त्या वासामागे आला. हावेलीना दिसायला आखूड रानडुकरासारखे. त्यांना दिसतं कमी, पण नाक तिखट आणि सुळे त्याहून तिखट. त्यांना निकानोर दिसला नाही आणि निकानोरला ते, अगदी पायापाशी येऊन दात कडाकडा वाजवेपर्यंत. मग आदल्या दिवशीच्या जखमा विसरून माझा भाऊ एका उडीत पिकअपच्या टपावर गेला. तिथून तो ओरडत होता.

ओकखालचं हरीण उठलं. ताडकन नाही, निवांत, कोण एवढं ओरडतंय ते बघावं म्हणून. उभं राहिलं, मान वळवली, कान खालच्या दिशेला केले. सबंध बरगडी आमच्याकडे.

कुकाने श्वास सोडला. गोळी सुटली. हरीण दोन पावलं पुढे गेलं आणि गुडघ्यांवर बसलं, मग कुशीवर.

घळीतून आवाज फिरून आला, विरला. सगळीकडे चिडीचूप. आणि मग खालून निकानोरचा रडवेला आवाज, "चुकलीस! अजून सगळे इथेच आहेत!"

मी हसून हसून आडवी झाले. कुका हसली नाही. ती उठली, घळीत उतरली आणि समोरचा उतार चढायला लागली, न थांबता, तिच्या त्या बजावून टाकलेल्या पावलांनी.

मी पोचले तेव्हा ती हरणाशेजारी बसलेली होती, हात त्याच्या मानेवर. मी जवळ बसले. आजवर किती हरणं कापली असतील तिने, पण तिच्या टेबलावर येईपर्यंत ती थंड झालेली असत.

"गरम आहे गं," ती म्हणाली. "मला हे माहीत नव्हतं."

तिने डोक्याचा रुमाल सोडला आणि त्याच्या डोळ्यांवर घातला. ओठ हलत होते. देवाशी बोलत होती की हरणाशी, मी विचारलं नाही. थोड्या वेळाने तिने मनगटाने डोळे पुसले, नियमाप्रमाणे परवाना शिंगाला बांधला, बाह्या वर केल्या आणि सुरी मागितली. पुढचं काम तिला कोणी शिकवायची गरज नव्हती.

हावेलीना जेवून गेल्यावर निकानोर वर आला. शर्टाची बाही फाटलेली, टोपी गायब. मोठ्या तक्रारी घेऊन आला होता, चेहऱ्यावर दिसत होत्या. पण हरीण दिसलं आणि तो जागीच थांबला. डोक्यावर टोपी आहे समजून काढायला हात वर नेला, टोपी नव्हतीच, म्हणून केसच मागे सारले.

"कुका," तो म्हणाला. "केवढा आहे गं."

"हं."

"माझ्याहून मोठा आहे. फ्रिजवरच्याहून."

"हं."

तो खाली बसला, शिंगांवरून हात फिरवला, एक गाठ मोजली, दुसरी मोजली. मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर जुना निकानोर परत आला.

"पण उठला कशामुळे? मी खालून ओरडून हाका घातला म्हणून."

आता मात्र कुका हसली. हातातली सुरी बाजूला ठेवून, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तिला तसं हसताना मी त्यांच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. निकानोरने थोडा वेळ रागावल्यासारखं केलं, मग तोही हसायला लागला. हरीण खाली न्यायची वेळ आली तेव्हा त्याने ते कोणालाच हात लावू दिलं नाही. खांद्यावर घेतलं आणि काट्यांच्या जखमा सांभाळत, फेंगडा चालत, पायथ्यापर्यंत नेलं. वाटेत शब्द बोलला नाही. धाप लागली होती म्हणून असेल.

दुकानातली जुनी गोष्ट त्या दिवसापासून बंद झाली आणि नवी सुरू झाली. त्यात सगळा बेत निकानोरचा होता. कुकाला धारेवर नेमकं त्यानेच बसवलं, स्वतः खाली उतरला, वारा बघितला आणि बरोबर क्षणी हाका घातला. महिनाभर चाललं. मग एके दुपारी कुका त्याचा डबा द्यायला आली, तेव्हा बेंचवर ताचो आणि कोणी एक परगावचा ट्रकवाला बसलेले.

"बाई, हे खरं का?" ट्रकवाल्याने विचारलं.

"सगळं खरं," कुका म्हणाली. "हाका घालताना तो पिकअपच्या टपावर होता, एवढंच सांगायचं राहिलं. आणि हावेलीना आमचं जेवण जेवत होते."

ताचो बेंचवरून घसरला. गावात पुढे कित्येक दिवस निकानोर दिसला की कोणीतरी दात कडाकडा वाजवायचं. त्याने मनावर घेतलं नाही. उलट हावेलीनाही त्याने गोष्टीत घेतले आणि त्यांची संख्या वाढवत नेली.

त्या नाताळाला कुकाच्या तामालेससाठी शेजारपाजारच्या बायका आल्या त्या खायला कमी आणि ऐकायला जास्त. पुढच्या सोडतीत सान इलारियोतल्या बऱ्याच बायकांची नावं होती. शाळेतली शिपाईण, पोस्टातली एलोदिया, चर्चमध्ये पेटी वाजवणारी बाई. कुका त्यांना ओढ्यात नेऊन डबे मांडून द्यायची आणि स्वतः लांब दगडावर बसून राजमा निवडायची. चुकलं तर फक्त मान हलवायची. तिच्या हाताखालच्या बायका फार लवकर शिकल्या. तिने स्वतः त्यानंतर लावे मारले, ससे मारले, आणि पुढच्या फेब्रुवारीत एक हावेलीना मारला. त्याचं तिखट सॉसेज केलं. निकानोरने त्या सॉसेजचे तुकडे असे चावले की जणू जुना हिशोब चुकता करतोय.

मग एका वर्षी, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, निकानोरचं नाव लागलं. तोवर त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या आणि एक गुडघा हवामानाप्रमाणे चालायचा. कुकाने अटी घातल्या. अत्तर नाही. गोष्टी नाहीत. बसायच्या आधी खाली बघायचं. तो कबूल झाला. पहिल्या दिवशी त्याने एका नरावरचा नेम चुकवला आणि रायफलीची दुर्बीण वाकडी आहे म्हणाला. पुढच्या खेपेला आणखी एक चुकवला आणि कुकाने शिंक दाबली तिचा आवाज झाला म्हणाला. मोसमाच्या शेवटच्या दिवशी तिने त्याला डोंगरातल्या एका ओढ्याच्या काठावर बसवलं, आपली काठी त्याच्या रायफलीखाली टेकवायला दिली आणि त्याचा दुखरा गुडघा आपल्या मांडीवर घेतला. माझ्या दुकानात गर्दी होती, मी गेले नव्हते, हे मला नंतर कळलं. दुपार कलता कलता एक लहानसं, दोनच फाट्यांच्या शिंगांचं हरीण पाण्याच्या डबक्यावर आलं. निकानोरने एकाच गोळीत मारलं.

दुसऱ्या दिवशी आख्खा गाव पंक्चर नसताना त्याच्या दुकानात जमला. ताचोने पेप्सी वाटली. सगळे तयार.

"सांग, कोंपाद्रे! कसं झालं?"

निकानोरने हातातलं चाक फिरवलं, थांबवलं, परत फिरवलं. "पाणी प्यायला आलं," तो म्हणाला. "मी मारलं."

"आणि?"

"आणि काही नाही. असंच झालं."

खरी गोष्ट सांगायची त्याला सवयच नव्हती. लोक थोडा वेळ थांबले, मग पेप्सी संपवून घरी गेले.

त्या रविवारी कुकाने त्या हरणाचं मांस लाल मिरचीत शिजवलं आणि आम्हाला जेवायला बोलावलं. पातेलं टेबलावर ठेवलं, सगळ्यात चांगला तुकडा निकानोरच्या ताटात वाढला आणि ती उभी राहिली, हात कमरेवर. आम्ही सगळे थांबलो. निकानोरने घास घेतला, डोळे मिटून चावला, बराच वेळ चावला.

"मीठ किंचित कमी आहे," तो म्हणाला.

कुकाने ताट उचललं आणि माझ्यापुढे ठेवलं. "आम्पारो, तू खा. ह्याला उद्या परत वर नेते, स्वतःसाठी खारट हरीण शोधू दे."

"अगं, कमी म्हणजे बरोबर आहे! बरोबर आहे म्हणतोय मी!" निकानोर ओरडत माझ्या ताटात हात घालायला लागला, आणि मी, त्याची सख्खी बहीण, त्याच्या बोटांवर चमचा मारून तो तुकडा खाऊन टाकला. मीठ अगदी बेताचं होतं.